रोटाचा पहिला तुकडा

“मग बाबा, थोरला मी नाही का?”

डेरे मास्तरांचा हात अजून पुढेच होता. तळवा वर, बोटं जुळलेली... प्रसाद घ्यायला धरतात तसा.

पण तुकडा त्या हातावर पडलाच नाही. तो मास्तरांच्या नाकासमोरून पलीकडे गेला.

पलीकडे ओट्याच्या काठावर एक म्हातारा वानर बसला होता. काळं तोंड, एक कान फाटलेला, लांब शेपूट खाली सोडलेली. त्याने तुकडा घेतला, हुंगला आणि निवांत खाऊ लागला.

“आधी दादाला,” शिदनाथबाबा म्हणाले. “मंग तुला.”

मास्तरांनी दुसरा तुकडा घेतला. तोच रोट, तोच गूळ, तेच तूप. पण त्यांना तो कडू लागला.

माळदऱ्याच्या डोंगरावरच्या त्या मठाची रीत मोठी साधी होती. दर अमावास्येला धुनीच्या राखेत रोट भाजायचा. जाड्याभरड्या गव्हाचा, गूळ घातलेला, चांगला चार बोटं जाड. बाबांनी तो मोडायचा आणि पहिला तुकडा थोरल्या शिष्याच्या हातावर ठेवायचा. बाबांच्या मागे गादीवर कोण बसणार, याचा दाखला तिथे कुणी मागत नसे. ज्याच्या हातावर पहिला तुकडा, त्याची गादी.

डेरे मास्तर मठात आले तेव्हापासून हा तुकडा त्यांचा होता. सारी हयात त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, बायको आधीच गेली होती, मग पॅन्ट-बुशशर्ट गुंडाळून ठेवले, भगवी लुंगी नेसली आणि डोंगर चढून वर आले. आल्या आल्या त्यांनी मठ सुधारायला घेतला. पाण्याची टाकी, भक्तनिवास, पत्र्याची लांबलचक शेड... सगळं मास्तरांनी उभं केलं.

बाबांनी कशालाच ‘नको’ म्हटलं नाही. ‘हो’ही म्हटलं नाही. समोरचा गप्प बसला की त्याला पटलं, असं मास्तर धरून चालत. शिक्षकांना ती सवयच असते.

आणि मग होळीच्या सुमारास हा फाटक्या कानाचा आला. टोळीतल्या नव्या दमाच्या नराने त्याला फोडून काढून हाकललं होतं. बाबांनी त्याच्या कानाला धुनीची राख लावली, त्याला जवळ बसवून घेतलं, आणि पुढच्याच अमावास्येला रोट मोडता मोडता हाक मारली, “ये, दादा.”

दादा!

मास्तरांना मात्र बाबा इतकी वर्षं नुसतं ‘मास्तर’ म्हणत आले होते.

त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्याने थांबणारं नव्हतं. समोर माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. चार भक्तांच्या कानात त्याच्याबद्दल काहीबाही सांगता आलं असतं. वानराची काय चहाडी करणार? त्याला ना गाव, ना इभ्रत, ना मागचं काही लफडं. सवत परवडली, असं मास्तरांना होऊन गेलं.

दुपारी बाबा धुनीपाशी भिंतीला टेकून बसत. दादा मागून येई आणि बाबांच्या जटा उकलून एकेक केस चाचपू लागे. अगदी मन लावून. बाबांचे डोळे मिटत, तोंड किंचित उघडं राही, चेहऱ्यावर अशी काही सुखाची लहर येई की बघणाऱ्यालाही झोप यावी.

मास्तर त्या वेळी बाबांचे पाय चेपत असत. वर्षानुवर्षं चेपत होते. ती लहर त्यांनी पायांकडून कधी वर जाताना पाहिली नव्हती.

“बाबा,” एकदा त्यांना राहवेना. “तो येतो तो तुकड्यासाठी येतो हो.”

“व्हय.”

“प्रेम वगैरे काही नाही.”

“नसंल.”

“मग त्याचं एवढं काय...”

“घेतो आन् जातो,” डोळे न उघडता बाबा म्हणाले. “हात फुडं धरून बसत न्हाई.”

मास्तरांनी पाय जरा जोरातच चेपला.

दोन दिवस त्यांनी विचार केला. बाबा साधे आहेत, शिकलेले नाहीत, त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नाही, म्हणून हे होतंय, असं त्यांनी ठरवलं. मास्तरांचा स्वभावच तो. जगातली अर्धी दुःखं नीट धडा न शिकवल्यामुळे होतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

“बाबा, शास्त्रातली एक गोष्ट सांगू का?”

“सांग की.”

मास्तरांनी सभामंडपाच्या भिंतीकडे बोट केलं. शाळा सोडताना त्यांनी आपला आवडता तक्ता मागून घेतला होता आणि इथे देवांच्या तसबिरींशेजारी लावला होता. डावीकडे चार पायांवर चालणारा एक. मग एक कुबडा. मग एक अर्धा उभा. मग एक जरा ताठ. आणि सगळ्यांच्या पुढे ताठ मानेचा माणूस, हातात भाला घेऊन चाललेला.

“हे घडायला लाखो वर्षं लागली, बाबा. वानर झाडावरच राहिलं. आपण खाली उतरलो, उभे राहिलो, पुढे आलो. तेव्हा मानाचं म्हणाल तर...”

“म्हंजे ह्यो दादा आपला आजा?”

“छे छे!” मास्तरांमधला शिक्षक ताडकन जागा झाला. चूक कानावर पडली की त्यांना दम निघत नसे, मग ती त्यांच्या फायद्याची का असेना. “आजोबा नव्हे. आजोबा दोघांचा एकच होता. वानर म्हणजे आपला चुलतभाऊ. फार लांबचा.”

“मंग भावकी म्हण की.”

“...एका अर्थी.”

बाबा उठून तक्त्यापाशी गेले. बराच वेळ बघत राहिले.

“ह्यो सगळ्यात म्होरला. ह्याच्या हातात भाला कशाला?”

“शिकारीसाठी.”

“ह्याच्या म्होरं तर कुणीच न्हाई. समदे मागं हायेत.”

मास्तरांनी तक्ता कित्येक वर्षं शिकवला होता. हे कुठल्या पोराने विचारलं नव्हतं.

“आन् ह्ये मधले? वाकलेले, अर्धे उभे... ह्ये आता कुटं असत्यात?”

“ते आता नाहीत. एके काळी पृथ्वीवर माणसांच्याच निरनिराळ्या जाती होत्या, बाबा. कुणी बर्फाच्या मुलखात, कुणी बेटांवर. त्यांनाही विस्तव पेटवता येत होता. त्यांच्यातले काही आपल्या मेलेल्यांना पुरतसुद्धा होते. मग आपण तिथे जाऊन पोचलो.”

“मंग?”

“मग ते राहिले नाहीत.”

“कसे ऱ्हायले न्हाईत?”

“मागे पडले. निसर्गाचा नियम आहे तो.”

“त्यांच्या जाग्यावर कोण ऱ्हायला आलं?”

“...आपण.”

“वाटनी झाली नव्हती वाटतं,” बाबा म्हणाले आणि धुनीपाशी जाऊन बसले.

दादा कधीचा तिथे त्यांची वाट बघत बसला होता.

वाटणीचं नाव निघालं की मास्तरांना बरं वाटत नसे. त्याला कारण होतं.

डोंगराखाली डेरेवाडीत त्यांचं वावर होतं. मास्तर थोरले, सुदाम धाकटा. बापाच्या मागे वावराचे दोन भाग झाले आणि मधे मातीचा बांध पडला. आता आपल्याकडे बांध ही काय चीज आहे, ते वाडीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. नांगरताना फाळ जरासा बांधाला लावून घ्यायचा. वीतभर नाही, बोटभर. बोटभरासाठी कोण भांडायला येतो? पुढच्या साली आणखी बोटभर. बांध कोरणारा स्वतःला कधी चोर म्हणत नाही. तो आपला नांगरत असतो.

मास्तर शाळेत पोरांना सत्याचे प्रयोग शिकवत आणि सुट्टीत येऊन नांगर धरत. बांध सरकत सरकत सुदामच्या अंगणाला भिडला. सुदाम एकदा भांडला. एकदा रडला. मग बायकापोरं घेऊन भिवंडीला निघून गेला तो परत आला नाही.

“तोच गेला,” मास्तर सांगत. “मी काही हाकललं नाही.”

ते खरंच होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मठालाही एक बांध होता. बाबांच्या गुरूंनी घातलेला. मातीचा नव्हे, नुसती दगडांची एक रांग. “अल्याड आपलं, पल्याड त्यांचं,” एवढंच ते सांगून गेले होते. पल्याड म्हणजे देवराई, वानरांची टोळी, ठाकरांची मोजकी घरं आणि त्यांच्या वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड. पल्याडची वाळकी काटकीसुद्धा मठात आणायची नाही. धुनीला लाकूड लागे ते भक्त येताना आपापल्या घरून आणत. कुणी ढलपी, कुणी खोडाचा तुकडा.

मास्तरांनी भक्तनिवास बांधला तेव्हा जागा जरा कमी पडली. त्यांनी दगड जरा सरकवले. शेडच्या वेळी पुन्हा जरा. भक्तांच्याच सोयीसाठी, स्वतःच्या घरी न्यायला नव्हे. हाताला जुनी सवय होतीच.

ठाकरांचा नवसू म्हातारा तेव्हा रोज बाबांकडे येऊन बसे. येताना रानातले कंद, करांदे, आणी, बाबा ते धुनीत भाजत, आणि दोघं एकाच पानावर खात. काही बोलत नसत, नुसते हसत. मास्तरांच्या पोटात तेव्हाही दुखलं होतं. मग एका वर्षी ठाकरांनी वाघदेवाला कोंबडं दिलं आणि मास्तरांना एकाएकी अहिंसा आठवली. मठाच्या शेजारी हे चालायचं नाही, म्हणाले. टाकीला कुलूप लागलं. भक्तांनी ठाकरांना शेतावर कामाला बोलावणं बंद केलं. दिवाळीनंतर नवसू पोरासुनांबरोबर वीटभट्टीवर गेला, बाकीचेही त्याच्या मागे गेले, आणि त्यांच्या कुडांवर वेल चढले.

“तेच गेले,” मास्तर तेव्हाही म्हणाले होते.

बाबा काही बोलले नव्हते. मास्तर धरून चालले की त्यांना पटलं.

उन्हाळ्यात खालच्या गावात एक जुना भक्त वारला. त्याच्या दिवसांना बाबा खाली गेले. निघताना पायरीवर थांबून म्हणाले,

“मास्तर, दादाकडं बघ.”

‘मठाकडं बघ’ असं म्हणाले असते, तर पुढचं कदाचित टळलं असतं.

मास्तरांनी दादाकडे बघितलं. तो पल्याडच्या बेहड्यावर बसला होता. बेहडा मोठा, जुना, शेडच्या पत्र्यांवर सावली टाकणारा. वानरांची टोळी रात्रीच्या मुक्कामाला त्याच्यावरच असे. दादाला टोळीत जागा उरली नव्हती, पण तो सगळ्यात खालच्या फांदीवर, आपल्या माणसांच्या आसपास झोपे. कुणी त्याला तिथून हाकलत नसे.

‘तुला झाडही आहे,’ मास्तर मनात म्हणाले, ‘गोतावळाही आहे. वर पुन्हा बाबाही तुलाच हवेत.’

आपण वानराचा हेवा करतोय, हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. साठी उलटलेला शिकलासवरलेला माणूस आपण, याची त्यांना लाजही वाटली. पण लाजेने हेवा निवत नाही. त्यांनी त्या लाजेचा रागही दादावरच काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात त्यांनी दगड सरकवायला घेतले. काम कसबी हाताचं होतं. शेवाळाची बाजू पूर्वी होती तिकडेच ठेवली. प्रत्येक दगड आधी होता तेवढाच मातीत रुतवला. भोवती पाचोळा पसरला. जेवणवेळेपर्यंत बेहडा अल्याड आला होता.

मग त्यांनी गावातून लाकूडतोड्यांना बोलावलं.

“बेहडा अपशकुनी झाड,” ते त्यांना म्हणाले. “त्याच्यावर कली बसतो, म्हातारी माणसं सांगतात. आणि वादळात शेडवर पडला तर?”

कली आणि शेड. विज्ञानाच्या मास्तरांनी दोन्ही डगरींवर हात ठेवला.

करवतीचं मशीन सुरू झालं. टोळी वरच्या फांद्यांत ओरडत सैरावैरा धावली, मग पलीकडच्या झाडांवर उड्या पडल्या. बेहडा कलला, थांबला, आणि पडला. तिन्हीसांजेपर्यंत टोळी मोकळ्या आभाळाभोवती घिरट्या घालत होती. मग डोंगराच्या धारेवरून ती पल्याड उतरून गेली. पिलं पोटाशी धरून, एकामागून एक.

दादा मागे राहिला. तो शेडच्या पत्र्यावर बसला. मग सावकाश खाली उतरला, ओट्यावर आला, धुनीपाशी आपल्या जागेवर येऊन बसला आणि मास्तरांकडे बघू लागला.

मास्तरांनी काठी उचलली. मारली नाही. फरशीवर नुसती आपटली.

दादा थोडा वेळ तसाच बसून राहिला... मग उठला आणि धारेच्या दिशेने चालता झाला. लंगडत नव्हता, पण म्हातारा फार दिसत होता.

“तोच गेला,” मास्तर म्हणाले.

ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

बाबा परतले ते अमावास्येच्या सकाळी. मास्तरांनी रोट स्वतःच्या हाताने मळून राखेत घातला होता. धुनीत बेहड्याचे ओंडके होते. धूर जरा जास्तच होत होता.

बाबा धुनीपाशी आले नाहीत. अंगणातच थांबले. जिथे सावली असायची तिथे ऊन होतं.

“बेहडा?”

“शेडला धोका होता, बाबा. काढावा लागला.”

“पल्याड होता न्हवं?”

“नाही, अल्याडच. दगड बघा ना... कुठे आहेत ते.”

बाबा दगडांच्या रांगेकडे निघाले. रांगेपर्यंत पोचण्याआधीच त्यांचे पाय थांबले. खाली बघू लागले. जमिनीवर गवत नसलेले फिकट डाग होते, ओळीने. एकेका दगडाएवढे. त्यातल्या एकावर मुंग्या अजून आपली अंडी उचलून नेत होत्या.

बाबांनी एका डागावर अनवाणी पाऊल ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर... अंगणात लहान मुलं खेळतात तसं.

आता बाबा बोलणार. आता हाकलणार. गादी तर गेलीच, पण बाबाही गेले, असं मास्तरांना वाटलं.

बाबा रांगेपाशी गेले. वाकले. एक दगड उपसला आणि खांद्यावर घेतला.

“चल.”

“कुठे, बाबा?”

“जागा कमी पडतीया न्हवं? सरकवू आनखी थोडी. रोट घे संगं.”

मास्तरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्यांनी धावत जाऊन रोट पळसाच्या पानांत बांधला, बाबांच्या झोळीत घातला, आणि स्वतःही एक दगड उचलून खांद्यावर घेतला. चांगला मोठा बघून घेतला.

दोघं निघाले. म्हाताऱ्या गुरूच्या खांद्यावर दगड, मागे शिष्याच्या. मास्तरांना खरं तर भ्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. बाबा रागावले नव्हते. आणि किती दिवसांनी बाबा एकट्या त्यांचे होते! मागे पुढे, आजूबाजूला, झाडावर, ओट्यावर... कुणी नाही.

बेहड्याच्या बुंध्यापाशी बाबा थांबले.

“इथं ठिवू?”

“ठेवा की.”

“का आनखी थोडं?”

“...आणखी थोडं चालेल, बाबा.”

पुढे ठाकरांची घरं लागली. घरं म्हणजे आता नुसती जोती. एका जोत्यावर जातं पालथं पडलं होतं. वाघदेवाच्या दगडावरचा शेंदूर उडून तो नुसता दगड झाला होता. बाबा तिथे जास्त वेळ थांबले. त्यांचा श्वास लागला होता.

“ह्यो खांद्यावरचा माझा हाय,” ते म्हणाले. “नवसू गेला तवा मी गप बसलो.”



बाबांनी खांदा बदलला. “इथं ठिवू?”

मास्तरांनी आजूबाजूला नजर टाकली. मनात आलं ते तोंडातून निघून गेलं.

“सपाटी छान आहे इथे. अन्नछत्र होईल.”

निघून गेल्यावर त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं. पण बाबांनी मान हलवली.

“मंग ह्येबी घेऊ. चल म्होरं.”

पुढे करवंदीच्या जाळ्या होत्या. काट्यांनी मास्तरांची लुंगी ओढली, खांदा सोलून निघाला. बाबांनी पुन्हा विचारलं, “इथं?” आणि मास्तर हळूच म्हणाले, “इथे गाड्या लावायला...” पुढचं त्यांनी गिळलं. बाबा पुढे निघालेही होते.

मग जमीन संपली.

कडा होता. वारा होता. खाली नुसती पोकळी.

“संपलं?” बाबांनी विचारलं.

“संपलं, बाबा.”

बाबांनी दगड अगदी काठावर ठेवला. मास्तरांनी आपला त्याच्याशेजारी ठेवला. दोन्ही दगड व्यवस्थित मातीत रुतले. हाताची सवय.

इथवर मास्तर कधी आले नव्हते. त्यांनी खाली पाहिलं. दूर डेरेवाडी दिसत होती. त्यांचं वावरही दिसत होतं. एकच एक, लांबरुंद, सलग. मधे बांध होता असं आता कुणाला सांगूनही पटलं नसतं. कडेला सुदामच्या घराच्या भिंती होत्या, वर छप्पर नव्हतं, आत घाणेरीचं रान माजलं होतं.

मास्तरांनी नजर काढून घेतली.

बाबा खाली बसले. झोळीतून रोट काढला, पान सोडलं. सवयीने त्यांनी डाव्या हाताला बघितलं, जिथे कुणीतरी बसलेलं असायचं.

“दादा...”

हाक कड्यावरून खाली गेली. कुठून हूप आली नाही. फांदी हलली नाही.

बाबांनी थोडी वाट बघितली. मग रोट मोडला. पहिला तुकडा उचलला आणि मास्तरांच्या पुढे धरला.

“घे.”

मास्तरांनी हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळलेली. तुकडा हातावर पडला. जड होता, अजून कोमट होता. मास्तरांचे डोळे भरून आले. किती अमावास्या त्यांनी या एका तुकड्यासाठी जळत काढल्या होत्या! आणि आज तो सरळ त्यांच्याकडे आला होता. वाटेत कुणी नव्हतं, कुणी उरलंच नव्हतं.

पण पोटातलं दुखणं काही थांबेना. बाबांनी अजून तो शब्द उच्चारला नव्हता. तो कानांनी ऐकल्याशिवाय ते थांबणार नाही, असं मास्तरांना वाटलं.

“बाबा... म्हणजे थोरला मीच ना?”

बाबांनी मागे वळून डोंगराकडे बघितलं. उघडा बुंधा, उघडी जोती, करवंदीवर लोंबणारी लुंगीची चिंधी. मग खालच्या सलग वावराकडे बघितलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे. आणि जत्रेत हरवलेल्या पोराला विचारावं तशा मऊ आवाजात विचारलं,

“कुनाचा, मास्तर?”